मामांचा बुधवार

तीर्थरूप मामांना,

कुमासीहून भाची याआचा वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत आहे, त्यामुळे तिच्या तब्येतीची वेगळी चौकशी करावी लागत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? शाळेच्या सामन्यात शिट्टी तोंडात धरून तुम्ही अजून मुलांच्या बरोबरीने धावता असं कळलं. या वयात जरा जपावं. (कोणत्या वयात, तिकडे मी येणारच आहे.) मामींनी पाठवलेले यामचे कंद पोचले, आणि खोलीतल्या मुलींनी त्यांचा फडशाही पाडला. बाकी पत्राला कारण विशेष काही नाही. माझी पदवी अडकली आहे, आणि ती तुमच्या जन्मतारखेत अडकली आहे, एवढंच.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. मी कॉम्प्युटर सायन्स शिकते म्हणजे नेमकं काय करते, हे चार वर्षांत आपल्या घरात कुणालाच कळलेलं नाही. आईला वाटतं मी टायपिंग शिकते, फक्त फार सावकाश. तुम्ही तर गेल्या ईस्टरला शाळेचा बंद पडलेला प्रिंटर मांडीवर घेऊन एजुराहून ट्रोट्रोच्या खचाखच गाडीने आलात आणि तो माझ्यापुढे ठेवलात. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यापलीकडे आमच्यात काहीही घडलं नाही. (शेवटी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला, तर आत सरडा. तुम्ही मात्र गावभर सांगितलंत की भाचीने विद्यापीठातल्या विद्येच्या जोरावर सरडा शोधून काढला. तेव्हापासून गावातले तीन रेडिओ आणि एक इस्त्री माझ्या वाटेकडे डोळे लावून बसली आहेत.)

तर शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा असतो. तो पास झाला तर पदवी, नाही तर पुन्हा वर्षभर तेच. वर्गातल्या हुशार मंडळींनी कोकोवरची कीड ओळखणारे, हिवताप ओळखणारे प्रोग्राम घेतले. मी म्हटलं, आपण आपल्या कुवतीचं करावं. जन्मतारीख द्यायची, प्रोग्रामने वार सांगायचा आणि वारावरून नाव. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारची मुलगी आमा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही येतं, मग यंत्राला यायला काय हरकत आहे? तपासायला माणसंही घरातलीच घेतली. आईने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटासाठी सगळ्यांच्या ओळखपत्रांवरून वाढदिवसांची यादी केली आहे ना, ती अठरा जणांची यादी मी यंत्राला दिली. अकरा बरोबर आले. सात चुकले. आणि चुकलेल्यांत पहिलं नाव तुमचं होतं. चौदा मार्च एकोणीसशे सत्तर. यंत्र म्हणालं, शनिवार, म्हणून क्वामे. आणि तुम्ही तर क्वाकू, बुधवारचे. आजीने स्वतः ठेवलेलं नाव.

मामा, मी एकवीस दिवस माझ्या प्रोग्राममधली चूक शोधत होते. लीप वर्षं बोटांवर मोजली. सगळं पुसून पुन्हा लिहिलं, तरी तुम्ही शनिवारीच जन्मलात. तिसऱ्यांदा लिहिलं, तेव्हाही तुम्ही शनिवार सोडला नाहीत. समोर वाचेचं, त्या चवळीभाताचं, पान थंड होऊन जायचं आणि मी कॅलेंडरशी भांडत बसायचे. या एकवीस दिवसांत मामांचीच तारीख चुकीची असेल असं एकदाही मनात आलं नाही. ज्या माणसाने मला पाढे शिकवले त्याचा हिशेब चुकेल कसा? चूक माझीच असणार. शेवटी मी हात टेकले आणि प्रोग्राममध्ये गुपचूप एक ओळ घातली: क्वाकू आम्पोन्सा आले तर शनिवारला बुधवार समजावे. ती चालली म्हणून दुसरी ओळ थोरल्या मावशीसाठी घातली. असं करत सात जणांसाठी सात ओळी. मग अठराच्या अठरा बरोबर आले आणि मी मक्याचं केंके व तळलेला मासा खाऊन माझं स्वतःचं अभिनंदन केलं.

काल तोंडी परीक्षा झाली. समोर डॉक्टर (मिसेस) ओफोरिवा-डार्को. या बाई वर्गात शिंकल्या तरी मुलं वहीत लिहून घेतात. शेजारी बाहेरचे परीक्षक म्हणून श्री. ओडुरो, शिक्षण खात्यातले अधिकारी. म्हणजे तुमच्याच खात्यातले, हे मला ते खुर्चीत बसल्यावर कळलं. बाकीच्यांचे प्रोग्राम मॅडमनी नुसते चालवून बघितले. माझा मात्र वाचायला घेतला. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“तुझे मामा आले की शनिवारचा बुधवार होतो?”

“हो, मॅडम.”

“का? कोण आहेत ते?”

“हेडमास्तर आहेत, मॅडम.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सातही ओळी खोडल्या आणि यंत्र पुन्हा चालवलं. मग मला वाचवायचं म्हणून की काय, विचारलं, मामांना आजोबांचं नाव दिलं असेल का? मी जोरजोरात मान हलवली. “आणि उरलेल्या सहा जणांनाही आजोबांचंच?” त्यांनी विचारलं. त्या सहांत चार बायका आहेत, त्यामुळे मला मान थांबवावी लागली. मग मॅडमनी असं काही केलं जे मला एकवीस दिवसांत सुचलं नव्हतं. चौदा मार्च तसाच ठेवला आणि एकेक वर्ष मागे जायला सुरुवात केली. एकोणसत्तर, शुक्रवार. अडुसष्ट, गुरुवार. असं करत यंत्र एकोणीसशे बासष्टला पोचलं, आणि तिथे बुधवार निघाला. (त्याच्या आधीचा बुधवार छप्पन साली आहे, पण तेवढा संशय मी तुमच्यावर घेणार नाही.)

मॅडम म्हणाल्या, “बाई गं, तुझं यंत्र बरोबर आहे. कागद खोटा आहे.”

ओडुरो साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि मामा कोणत्या शाळेत असतात ते विचारलं. बासष्ट साल म्हणजे तुम्ही आज त्रेसष्ट वर्षांचे. म्हणजे साठीला निवृत्त होऊन शाळेच्या किल्ल्या तीन वर्षांपूर्वीच दुसऱ्याच्या हाती द्यायला हव्या होत्या. हे सगळं मला त्या एका क्षणात कळलं. तुम्ही त्या शाळेशिवाय घरात बसला आहात हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढे येईना. मॅडम म्हणाल्या, तूच सांग, यंत्र चुकलं की मामा?

मी म्हटलं, “यंत्र चुकलं, मॅडम.”

खरं सांगते मामा, चार वर्षांत मी एकच गोष्ट बिनचूक केली होती, आणि तीच चुकली म्हणून माझ्याच तोंडाने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मग सोमवारपर्यंत दुरुस्त करून आण. किंवा त्या सातांपैकी एकाचा, फक्त एकाचा, खरा कागद आणून दाखव. तेवढ्यावर मी यंत्र बरोबर धरीन आणि तुला पास करीन. आता बरोबर असलेलं यंत्र दुरुस्त कसं करतात हे आम्हाला कुठल्याच वर्षाला शिकवलेलं नाही. पण तुम्ही काळजी करू नका. तुमचा कागद मी मागणार नाही. थोरल्या मावशीचा मागायची माझी छाती नाही. हे पत्र केवळ गुडघ्याच्या चौकशीसाठी आहे असं समजा.

मामींना नमस्कार, सरड्याच्या वंशजांना आशीर्वाद.

पदवीच्या उंबरठ्यावर एक पाय उचलून उभी असलेली,
तुमची भाची,
याआ सेर्वा

ता. क. एक सांगायचं राहिलं. परीक्षेनंतर ओडुरो साहेब जिन्यात माझ्या मागोमाग आले. मला वाटलं, आता शाळेचं नाव काढून घेणार. त्यांनी आधी वर-खाली बघितलं आणि मग हळूच म्हणाले, “पोरी, ती ओळींची यादी आहे ना तुझ्याकडे? मामांच्या खाली माझंही नाव घाल. मी मंगळवारचा क्वाबेना आहे, पण कागदावर रविवार येतो.” तेव्हा खात्याकडून तुम्हाला धोका नाही. निवांत शिट्टी वाजवा.

दुसरा ता. क. मॅडम मात्र ऐकणाऱ्यातल्या नाहीत, त्यांना सोमवारी कागद हवाच. म्हणून खरं काय ते लिहिते. सातांपैकी सातवी मी आहे. माझ्या कागदावर नऊ ऑक्टोबर दोन हजार दोन आहे. तो बुधवार, म्हणजे मी अकुआ व्हायला हवी. याआ गुरुवारची, आणि नऊ ऑक्टोबरला गुरुवार पुढच्या वर्षी येतो. आईला विचारलं, तर ती आधी चिडली आणि मग रडायला लागली. म्हणाली, तू पाच वर्षांची असताना मामांच्या शाळेच्या फाटकाशी बसून रोज भोकाड पसरायचीस, सहा झाल्याशिवाय कुणाला घेत नव्हते, शेवटी मामांनीच फॉर्म भरला आणि पेनाच्या एका फटक्यात तुला वर्षाने मोठी केली. तेव्हा मामा, चर्चच्या वहीतला माझ्या बाप्तिस्म्याचा उतारा सोमवारच्या आत पाठवा. तुमच्या पानाकडे बघूही नका. फॉर्म कुणी भरला असं मॅडमनी विचारलंच, तर मी सांगणार आहे की चूक माझीच आहे, शाळेत जायची घाई मला झाली होती.