नामा लोहाराची सुरी

सारसोळे,
१९ जुलै १९६२

प्रिय चांगदेव,

तुझं पत्र मे महिन्यात आलं आणि उत्तर जुलैत लिहितोय, म्हणून तू मला शिव्या घातल्या असशील. घाल. चौथीपर्यंत आपण एका बस्करावर बसलो, तेव्हाही गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्या दिवशीच सुचायचं, हे तू विसरला नसशील. पण या वेळी उत्तर सुचत नव्हतं असं नाही. ते लिहायची छाती होत नव्हती.

गोदीतली नोकरी सोडून नारळी पौर्णिमेला येतोस, तुझ्या शिवादादाच्या जागी माझ्याबरोबर होडीवर चढतोस, हे मी सगुणा वहिनीला वाचून दाखवलं.  संध्याकाळी तिनं दादाचं जाळं माळ्यावरून खाली काढलं आणि उंदरांनी कुरतडलेला भाग सांधायला बसली. पाच वर्षांत तिनं त्या जाळ्याला हात लावला नव्हता. होडी वर ओढून ठेवली आहे. तळाच्या दोन फळ्या बदलल्या, सुकाणूचा दांडा नवा केला. सुकाणू आता हलकं चालतं, तुला आवडेल.

तू काम एकच सांगितलं होतंस, होडीसाठी सुरी निवडायचं. जाड पात्याची, न मिटणारी, जन्मभर टिकेल अशी, किमतीकडे बघू नकोस, असं लिहिलं होतंस. आणि खाली, 'पण नामा लोहाराची नको. त्याच्या लोखंडानं माझा भाऊ खाल्ला.' ते वाक्य मला पाठ झालं आहे.

पावसाळ्यासाठी होड्या वर घ्यायच्या आधी शेवटची खेप घेऊन भाऊच्या धक्क्याला आलो, तेव्हा मागच्या गल्लीतल्या जहाजी सामानाच्या दुकानात गेलो. तुला भेटलो नाही, त्याचं कारण पुढे कळेल. पिशवीत आपल्या होडीच्या दोराचा हातभर तुकडा नेला होता, खाऱ्या पाण्यात भिजवलेला. दुकानदार परीटघडीचे कपडे घालून बसलेला. मी ओला दोर काचेवर ठेवला तसं त्याचं तोंड असं झालं की मी मेलेली घूसच ठेवली आहे. तरी माणूस बरा, सुऱ्या दाखवल्या. पहिली मिटणारी. तिला मी हातही लावला नाही, थंडीत बोटं आखडली की ती उघडेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. दुसरी विलायती, शिंगाच्या मुठीची, नवरीसारखी नटलेली. मूठ ओली करून धरली तर हातातून निसटायला लागली. शिवाय पात्याचं शेपूट मुठीत दोन बोटंच गेलेलं, जोर लावला की तिथून मोडणार. तिसरी न गंजणारी, जाड, वजनाला चांगली. तिनं दोर दोनदा कापला आणि तिसऱ्या वेळी धार दुमडली. दुकानदार म्हणाला, "दोर कापायला एवढी सुरी कशाला?" मी म्हटलं, "कधी कधी लागते."

चांगदेव, तिथं उभा असताना मला लख्ख कळलं, की मी ज्या सुरीशी या सगळ्या ताडून बघत होतो ती आपल्याकडे होती. नामानं लॉरीच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेली, बोटाएवढ्या जाड पाठीची. पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग, दोन्ही बाजूंना बाभळीचं लाकूड, तीन रिबिटी. खाऱ्या पाण्यात काळी पडायची, पण तिची धार मी कधी बोथट झालेली पाहिली नाही. मी रिकाम्या हातानं परत आलो आणि दुसऱ्या दिवशी बेलापूरला नामाच्या भट्टीवर गेलो.

पाच वर्षांपूर्वी सारसोळ्याच्या प्रत्येक होडीवर त्याची सुरी होती. दादा गेल्यावर कोळ्यांपैकी कोणी त्याच्याकडे फिरकलं नाही. सुरुवातीला तो इथं येऊन म्हणाला होता, "माजी सुरी दाखवा, कुठं धार गेली ती बगतो." दाखवणार काय, ती खाडीच्या तळाशी. मग तो यायचा थांबला. आता बैलांना नाल मारतो, विळ्यांना दाते पाडतो. खूप म्हातारा दिसतो.  मी सांगितलं, तसलीच सुरी पाहिजे. त्यानं तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "पंदरा दिसानी ये."

पंधरा दिवसांनी गेलो. सुरी तयार होती. त्यानं पातं स्वतःच्या हातात धरून मूठ माझ्याकडे केली. मी हात पुढे केला नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे, सुरी, विळी कोणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. तो खाली ठेवील म्हणून मी थांबलो. तो म्हणाला, "घे की. आमी लोखंडाची मानसं, दिवसभर हातातून हातात देतो. भांडन व्हायचं असतं तर बायको कवाच गेली असती." तो हसला, आणि मी तिथंच भट्टीजवळ खाली बसलो.  जे पाच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. आता तुला सांगतो.

त्या दिवशी ओहोटीची ओढ जबर होती आणि जाळं भरलेलं होतं. जाळ्याच्या दोराचा फास दादाच्या घोट्यात बसला. तो काठावरून अर्धा बाहेर गेला, एका हातानं फळी धरून राहिला. मी सुकाणूवर होतो. ते सोडलं असतं तर होडी आडवी होऊन दोघंही गेलो असतो. सुरी माझ्या कमरेला होती. इथपर्यंत तुला माहीत आहे, इथपर्यंत मी सगळ्यांना खरं सांगितलं. दादानं दुसरा हात लांब केला आणि ओरडला, "गोट्या, सुरी! हातान दे!" त्याचा हात माझ्या हातापासून वीतभर होता. आणि मी सुरी त्याच्या पुढ्यात फळीवर ठेवली. ठेवायची असं ठरवलं नव्हतं रे. आम्ही दहा वर्षं तसंच करत आलो होतो, मी ठेवायची, त्यानं उचलायची. फळी ओली, होडी कललेली. सुरी त्याच्या बोटांना लागून घसरली आणि पाण्यात गेली. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्याला जणू समजलंच नाही. मग फळीवरचा हात सुटला.

किनाऱ्यावर सगुणा वहिनीनं विचारलं, "सुरी नव्हती का?" मी म्हटलं, "चालली नाही." दोनच शब्द. ते तोंडातून गेले आणि गावानं पुढचं सगळं आपणहून जोडलं, की लोखंड कच्चं, पाणी नीट दिलेलं नाही, नामानं फसवलं. मी ऐकत राहिलो. तू नामाच्या दारात जाऊन थुंकून आलास, तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा होतो.

नामानं हे सगळं ऐकलं. भाता थांबवला. मला वाटलं मारील, मारलं असतं तर बरं झालं असतं. मग विचारलं, "सगुनाला सांगितलंस?" नाही म्हटलं. "चांगदेवला?" नाही. त्यानं सुरी फडक्यात गुंडाळून आत ठेवली आणि म्हणाला, "मंग मला आदी कशाला सांगतोस? जा. त्यांना सांग, आनि मंग ये." त्याला तीन आठवडे झाले. काल वहिनीला सांगितलं. ती जाळं सांधत होती, तिचे हात थांबले. म्हणाली, "हात पुढं केला व्हता ना त्यानं?" मी हो म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. आज सकाळी माझ्या घरी येऊन म्हणाली, "चांगदेवला लिव."

म्हणून हे पत्र. पौर्णिमेला नारळ वाहायला सगळं गाव खाडीवर जमेल, तेव्हा नामाला मी तिथं घेऊन येणार आहे आणि त्याच्यासमोर सगळ्यांना खरं सांगणार आहे. तू आलास किंवा नाही आलास तरी. माझ्याबरोबर होडीवर चढायचं की नाही ते आता तू ठरव, नाही म्हणालास तर होडी तुझी आणि वहिनीची, मी दुसऱ्याच्या होडीवर जाईन. मी माफी मागत नाही, कारण ज्याच्याकडे मागायची तो नाही. पण सुरी मी निवडली आहे. यापेक्षा चांगली मला कुठेही मिळाली नाही. पत्र टाकून उद्या बेलापूरला जातो आणि घेऊन येतो. तुझ्यासमोर ती मी खाली ठेवणार नाही, चांगदेव. मूठ तुझ्याकडे करून उभा राहीन. तू हात पुढे करशील का, एवढंच कळव.

तुझाच,
गोटीराम