फळ्यावरच्या मेंढ्या

३ जून, मंगळवार

फळा माझ्या गळ्यात. महिनाभर.

सुपडूकाकांच्या टेम्पोची हवा मी काढली, कबूल. पण त्यांनी टेम्पो प्रार्थनागृहाच्या दाराला चिकटून का लावावा? रविवारी म्हाताऱ्या बाया अंग चोरून आत शिरतात. हे पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "शिमोन, तुझ्या नावाच्या माणसानेही रागाच्या भरात एकाचा कान कापला होता. प्रभूने तो बरा केला. मला ते जमत नाही."

शिक्षा अशी — रोज सकाळी दाराबाहेरच्या फळ्यावर एक वचन लिहायचं. आणि घरी येऊन या वहीत लिहायचं, की ते वचन दिवसभरात कुठे भेटलं. "वही मी बघणार नाही. बघणारा बघेल." महिनाभर एकही भांडण नाही झालं, तर ते स्वतः माझ्याबरोबर कॉलेजात येणार, प्रिन्सिपॉलशी बोलायला.

गेल्या वर्षी सुपरवायझर म्हणाला, कॉपी करतोस. मी करत नव्हतो. म्हणून हॉलतिकीट फाडलं आणि निघून आलो. स्वतःचंच हॉलतिकीट. ते सुपरवायझरचं नसतं, हे जिना उतरल्यावर लक्षात आलं.

कॉलेज मला नकोच होतं. पण ईस्टरला स्वातीला लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तू हातात घेतलेलं सगळं अर्ध्यावर सोडतोस. मलाही सोडलंस तर?" म्हणून कॉलेज पाहिजे.

४ जून

नीतिसूत्रे १६:३२. राग आवरणारा माणूस शहर जिंकणाऱ्यापेक्षा मोठा.

सुरतेत पर्वत पाटियाला मी साड्यांच्या दुकानात कामाला आहे. तिथे शेठने सकाळपासून घातलेल्या सगळ्या साड्यांच्या घड्या मोडायला लावल्या. पदर आत गेला होता म्हणे. "अल्या, आंख छे के बटन?" मी पहिल्या साडीपासून परत घड्या घालायला घेतल्या.

सुरत जिंकलं. शेजारचं कडोदरा बाकी आहे.

५ जून

वचन कुठेच भेटलं नाही. खडू संपला.

६ जून, शुक्रवार

मोठा शोध! स्वातीचं घर फळ्याच्या बरोबर समोर. तिची आजी, पुष्पाबाई, सकाळी ओट्यावर बसते. तिला लांबचं दिसत नाही, म्हणून स्वाती रोजचं वचन तिला मोठ्याने वाचून दाखवते. म्हणजे मी लिहीन ते स्वातीच्या तोंडून निघणार. याला शिक्षा कोण म्हणेल?

बायबलातलं गीतरत्न काढून बसलो, सगळी प्रेमगीतं. पाळकसाहेब यावर कधी उपदेश का देत नाहीत, ते आत्ता कळलं.

९ जून, सोमवार

गीतरत्न ४:२ लिहिलं. प्रियेचे दात कसे — तर लोकर कातरून, धुऊन वर आलेल्या मेंढ्यांसारखे. जोडीजोडीने. एकही कमी नाही. डोळ्यांवर कोणीही बोलतं, दातांवर कोण बोलतं? आणि स्वातीचे दात खरंच तसे आहेत.

कोपऱ्यावर उभा राहून ऐकलं. "एकही कमी नाही" इथपर्यंत आली आणि थांबली. आजी उठली. आत गेली. दार आपटलं.

स्वाती लाजली असेल तर समजू शकतो. आजी का लाजेल?

१० जून

पुष्पाबाईंना शनिवारी कवळी बसवली. आमच्या अख्ख्या गोडादरा वस्तीला माहीत. मला सोडून.

रविवारी त्या तोंडाला पदर लावून गात होत्या. मला वाटलं सर्दी. आणि सोमवारी मी त्यांच्या दारासमोर, मोठ्या अक्षरांत, शास्त्राच्या आधाराने —

आई म्हणाली, "तुन्हा डोकामा भुसा भरेल शे." पाळकसाहेबांनी गीतरत्नावर बंदी घातली. मला एकट्याला. म्हणाले, "हे भांडण धरायचं की नाही, ते पुष्पाबाई ठरवतील."

११ जून

मत्तय ५:२४. आधी भावाशी समेट कर, मग वेदीपाशी अर्पण आण. आजीबद्दल काही लिहिलेलं नाही, तरी गेलो. जाताना वाफवलेला लोचो नेला, खायला मऊ असतो म्हणून. परत तीच चूक.

पुष्पाबाईंनी पुडा उघडून बघितला. "दात बसाडात, तरी मी मऊच खाऊ? जाय, चना लई ये."

भाजलेले चणे आणले. त्यांनी एकेक चणा कडकड फोडून खाल्ला, माझ्याकडे बघत. मूठभर संपल्यावर म्हणाल्या, "देख, मेंढ्या चरी राहिन्यात." स्वाती आत भिंतीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते.

भांडण धरलं नाही. चणे मात्र रोज आणायचे आहेत.

१६ जून, सोमवार

उत्पत्ती २९:२०. याकोब राहेलीसाठी सात वर्षं राबला आणि तिच्यावरच्या प्रेमामुळे ती वर्षं त्याला चार दिवसांसारखी वाटली. हे गीतरत्न नाही. बंदीत येत नाही.

स्वातीने लाइटबिल वाचावं तसं वाचलं.

आजी म्हणाल्या, "सात वरीस? तवपावत खाये काय तो?"

"सासऱ्याच्या मेंढ्या राखायचा, आजी," मी म्हणालो.

"परत मेंढ्याच."

स्वातीने माझ्याकडे बघितलं नाही. पण वचन दुसऱ्यांदा वाचलं. मनातल्या मनात, ओठ हलवत. किंवा मला तसं वाटलं.

२० जून

मत्तय ५:४१. कोणी एक कोस चालायला लावलं, तर दोन कोस जा.

सकाळी टेम्पोचं चाक बसलेलं. सुपडूकाका गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "काढली परत हवा? हेच लिहितो का रे फळ्यावर?" मी नव्हती काढली! या वेळी खरंच नाही. कान तापले. मूठ वळली. ओट्यावर स्वाती. दहा दिवस राहिलेले.

तोंडातून निघालं, "काका, तुम्ही स्टेअरिंग धरा, मी ढकलतो."

पंक्चरवाला बंद. पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत ढकलला. दोन कोस नसतील, पण मत्तयाने टेम्पो हिशेबात धरलेला नव्हता. टायरमधून बोटभर खिळा निघाला. काकांनी खिळा पुसून खिशात टाकला. मग म्हणाले, "चहा पी." दुसऱ्या कपाला म्हणाले, "उद्यापासून टेम्पो मागच्या गल्लीत लावतो."

हवा काढून जे झालं नाही, ते ढकलून झालं. लक्षात ठेवायला पाहिजे.

२७ जून, शुक्रवार

स्वातीला वलसाडला नर्सिंगला जागा मिळाली. तीन वर्षं. हॉस्टेल. सोमवारी निघणार. मला तिने नाही सांगितलं — चणे द्यायला गेलो तेव्हा आजीने सांगितलं.

आज काय लिहिलं फळ्यावर, आठवत नाही.

पाळकसाहेब म्हणाले, मंगळवारी अकरा वाजता कॉलेज, इस्त्रीचा शर्ट घाल. कोणासाठी घालू?

३० जून

गेली.

शेठने सुट्टी दिली नाही. तसाच पळत आलो, तोवर रिक्षा वळणावर. एक शब्द नाही. मागे बघितलंसुद्धा नाही. शास्त्रातल्या लोटाच्या बायकोने तरी मागे बघितलं होतं, मिठाचा खांब झाली.

कॉलेज गेलं खड्ड्यात. फळाही उद्यापासून बंद. महिना होत आला, पुरे झालं. शर्ट चुरगळून कोपऱ्यात टाकला.

१ जुलै, मंगळवार

चणे तेवढे द्यायला गेलो. फळ्यावर माझं वचन पुसलेलं होतं. वर दुसरंच काही, स्वातीच्या अक्षरात. म्हणजे कालच, निघायच्या आधी. मी रिक्षाकडे बघत होतो.

पुष्पाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "स्वाती गयी. आते तूच वाची दखाड."

वाचलं. "उत्पत्ती २९:२०. सात नाही, तीनच. पण —"

पुढची ओळ मनातल्या मनात वाचली. थांबलो.

"अर्ध्यावर नको सोडू," पुष्पाबाई म्हणाल्या.

"— पण याकोब रिकामा बसून नव्हता."

साडेदहा झालेत. आई शर्टाला इस्त्री करते आहे.