लाल-हिरव्याऐवजी निळा

सोम., १२ जाने.
पुन्हा तीच चूक. कोड तपासताना काढलेली ओळ लाल पट्ट्यात दिसते, घातलेली हिरव्या. म्हणे दिसते! मला दोन्ही शेवाळी. नवी ओळ उडवली, जुनी ठेवली. टीमच्या लीड मॅडम: "लक्ष कुठे असतं तुमचं?" प्रोबेशन ३०ला संपतंय. रंग ओळखता येत नाहीत हे ऑफिसात कुणाला माहीत नाही. बायकोलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बुध., १४
सगळे वाखाणतात ती थीम, म्हणजे तयार रंगसंगती, कोड लिहायच्या एडिटरमध्ये टाकली. काळीकुट्ट, झकास. पट्टे तसेच. आणखी तीन टाकल्या, काढल्या. फुलपाड्यात घरी बसून दिवसभर रंगारी झालो, काम शून्य.

रवि., १८
संक्रांतीचं म्हणून चांदीपला, सासुरवाडीला. सासऱ्यांनी बियाण्यासाठी लाल मिरच्या तोडायला सांगितल्या. मी उत्साहाने पाटी भरली. ते बघतच राहिले. "जावयबापू, ह्या हिरव्या कोनी तोडायला सांगितल्या?" सगळे हसले, मीही. बायको, सायली, हसली नाही.
परतताना रिक्षात म्हणाली, "तुला लाल-हिरवा कळत नाही ना?" सांगून टाकलं. लग्नाला दोन वर्षं झाली, लपवलंस का, म्हणून भांडली. मग, "स्पष्ट काय दिसतं?"
"निळा. पिवळा."
"मग तेच वापर ना, येड्या."
इतकं सोपं! रडूच आलं मला.

मंगळ., २०
थीमच्या सेटिंगमध्ये रंगांचे कोड हाताने बदलता येतात. घातलेली ओळ निळी, काढलेली पिवळी. सायली शेजारी. पिवळा जरा भडक झाला. "हळद लागलीय का कोडला?" उतरवला. आता छान.

शुक्र., २३
तीन दिवस, एकही चूक नाही. सायली म्हणते, मॅडमना सांग. मी: कायम झाल्यावर. ती: "आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर बसवलं तर?" बरोबर आहे तिचं. पण भीती वाटते. नोकरी गेली तर...

मंगळ., २७
थीमची फाईल मोबाईलवरून मॅडमना पाठवली. खाली लिहिलं: मला लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही. आधीच्या चुका त्यामुळे. आता असं काम करतो.
मेसेजखाली दोन टिका, करड्या. चहा केला. सायलीचाही. परत पाहिलं.
उत्तर अजून नाही. पण टिका निळ्या झाल्यात, आणि ते मला कुणाला विचारावं लागलं नाही.