माळ्यावरची कळशी

दीपाली,

भंगारवाला दुपारी येईल. माळ्यावरून तू काढलेलं पोतं त्याला खुशाल दे. फुटकी बादली, तुझ्या सासऱ्यांचा बंद पडलेला रेडिओ, सगळं जाऊ दे.

पितळेची कळशी तेवढी मी परत घेतलीय. काल तू म्हणालीस, कुणाचा तरी जुना आहेर असेल. आहेर नाही गो. सकाळी चिंचेने घासली, तेव्हा अक्षरं वर आली:

महिला कबड्डी.
उत्कृष्ट चढाई.
कु. हौसा.

सासरी कुणी विचारलं नाही, म्हणून मीही कधी बोलले नाही.

स्नेहलच्या सामन्याला निघालेय. तिच्या संघाला आज याच कळशीतून पाणी पाजणार. तूही ये. ही पोर कुणावर गेलीय म्हणून सारखी विचारतेस ना, मैदानावर येऊन कळशी वाच.

तुझी सासू