सात नंबरची काच

शुक्र., १२ डिसें.
सायली आणि तिचा नवरा अनिकेत सकाळच्या विमानाने आले. कॉलेजात सा. चार वर्षं माझी रूममेट होती. अ.ला मी लग्नात एकदाच पाहिलं होतं. अलीगंजच्या माझ्या दोन खोल्यांत त्यांच्या तीन बॅगा. आल्या आल्या अ.ने विचारलं, इथे बघण्यासारखं नेमकं काय आहे, कबाब सोडून.
दुपारी रूमी दरवाजा. अ.ने सोळा फोटो काढले आणि दरवाज्याकडे एकदाच पाहिलं, तेही मोबाइलमधून. मग इमामबाडा. म्हाताऱ्या गाइडने सज्जाच्या एका टोकाला कागद फाडला, आवाज आम्हाला दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू आला. अ.ने उत्तरादाखल ढेकर दिला. तोही नीट पोचला. सा. हसून हसून कठड्यावर वाकली. गाइड तिकडूनच म्हणाला, "जी, पहुँच गई."
मी गाइडची माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

शनि., १३ डिसें.
सकाळी चौकात मलाई-मक्खन. अ. म्हणाला, शेव्हिंग फोम. आणि मातीचे तीन कुल्हड संपवले. तिन्ही कुल्हड नाल्यात. नंतर पान.
रिक्षात सा.ने विचारलं, "पण तू इथे करतेस काय? खरं सांग. भिंती मोजतेस?"
खरं तर हो. हज़रतगंजच्या मागची जुनी नवाबी कोठी. वरचा मजला वर्षभर बंद आहे. भेगांवर आडव्या काचेच्या पट्ट्या बसवल्या आहेत, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. अशा बारा पट्ट्या. दर सोमवारी मी बघते आणि रजिस्टरमध्ये लिहिते. अकरा महिने एकही तडकलेली नाही.
बाहेरच्यांना वर न्यायची परवानगी नाही. मी नेलं. "भिंती मोजतेस?" ज्या सुरात विचारलं त्यामुळे नेलं, दुसरं कारण नाही.
फाटक रशीद चाचांनी उघडलं. ते कोठीचे चौकीदार, पश्चिमेच्या भिंतीखालच्या खोलीत एकटे राहतात. मी म्हटलं, मेरे साथ हैं. त्यांनी काही विचारलं नाही. अ. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थुंकला.
वर सात नंबरपाशी मी समजावत होते. अ. म्हणाला, म्हणजे भिंतीला बँडेज. आणि अंगठ्याने दाबलं. किती बारीक आवाज.
"सॉरी यार. दुसरी लाव ना."
दुसरी लावली की मोजणी त्या दिवसापासून सुरू होते, हे सांगितलं. काचेवर लावल्याची तारीख कोरलेली असते, हेही. सा. म्हणाली, "मग जुनीच तारीख कोर. कोणाला कळणार आहे?"
ती मस्करी करत नव्हती. चार वर्षं ही माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायची.

रवि., १४ डिसें.
गेले. बेसिनमध्ये पानाचे लाल शिंतोडे, नळाला तिचे केस. दोनदा घासलं तरी कडेला गुलाबी डाग राहिलाच.
दारात सा. गळ्यात पडली. म्हणाली, तू बदललीस हं. मी तिच्या खांद्यावरून लिफ्टचे आकडे बघत होते.

सोम., १५ डिसें.
रीडिंग. १ ते ६ ठीक. ८ ते १२ ठीक. क्र. ७ : तडकली.
पुढचा रकाना 'संभाव्य कारण'. तो कोरा सोडला. लिहिलेलं प्रत्येक अक्षर खरं आहे. किळस त्याचीच येते.
जानेवारीत माझं कॉन्ट्रॅक्ट नव्याने व्हायचंय. बंद मजल्यावर पाहुणे नेले हे कळलं, तर होणार नाही.
दुपारी ऑफिसला कळवलं. संध्याकाळी तिथून सरांचा फोन. "सात नंबर? वह तो रशीद के कमरे के ऊपर है. खाली करवाइए." मी म्हणाले, जी सर.

मंगळ., १६ डिसें.
दाट धुकं. चाचांची खाट अंगणात आलेली, तिच्यावर बांधलेली रजई, पातेली, डालड्याच्या डब्यातला गुलाब. भाचा 'बख्शी का तालाब' गावात असतो, तूर्तास तिकडे म्हणाले. तूर्तासनंतर कुठे, ते मी विचारलं नाही.
मला चहा दिला. स्टोव्ह अजून बांधला नव्हता.
"बिटिया, आप तो नापती हैं. दीवार सच में हिली है?"
"रीडिंग आई है," मी म्हणाले.
ते मान हलवत राहिले. माझ्या रीडिंगवर त्यांचा माझ्याहून जास्त विश्वास. मग हळूच म्हणाले, "साहब पूछ रहे थे, ऊपर कोई गया था क्या. हमने कह दिया, कोई नहीं. आप परेशान मत होइए."
चहा संपवला. कप धुवून ठेवला. तिसऱ्या पायरीवरचा डाग कोणीतरी घासून काढला होता. कोणी, ते उघड आहे.

बुध., १७ डिसें.
सा.ने फोटो पाठवले. एकूण चव्वेचाळीस. एकतिसाव्यात अ. दात काढून उभा, मागे सात नंबर अखंड. बत्तिसाव्यात काचेवर अंगठा. खाली सा.चा मेसेज : आमची इंजिनिअर, भिंतींची डॉक्टर. आणि तीन हसरे चेहरे.
दोन्ही फोटो ठेवले, बाकीचे पुसले. 
रजिस्टर कोठीतच असतं. उद्या अकराला सर येणार, चाचांची खोली बंद करून सील लावायला. फाटक नवाला उघडतं.
वाक्य इथे लिहून पाहिलं : शनिवारी मी परवानगीशिवाय नेलेल्या पाहुण्याने काच दाबून तोडली, भिंत हलल्याचा पुरावा नाही, चौकीदाराचा दोष नाही.
'संभाव्य कारण' हा रकाना सहा सेंटिमीटर रुंद, दोन ओळी उंच. फूटपट्टीने इथेच तेवढी चौकट आखून त्यात लिहून बघितलं. बारीक अक्षरात मावतं.