जावईबापूंच्या पळण्यासाठी पाहिलेले निसर्गरम्य रस्ते

मु. कान्हेवाडी, पो. चुडावा, जि. परभणी
अधिक ज्येष्ठ वद्य सप्तमी, शके १९१०

राजमान्य राजश्री व्याही आबासाहेब यांना दिनकररावाचा उभ्या उभ्या नमस्कार. (बसून लिहायला बरेच दिवस सवड झालेली नाही. कारण खाली येईलच.) तिकडे सेलूला आपण सर्व खुशाल असाल. विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? इथून पाठवलेलं करंजाचं तेल रोज चोळतात ना, की कुणाला देऊन टाकलं? (दिलं असलं तरी राग नाही.) आपले चिरंजीव, म्हणजे आमचे जावई विश्वंभरराव, इथे अत्यंत आनंदात आहेत. रेल्वेत कुणी वेगळं काही सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

मागच्या पत्रात आपण लिहिलं होतं की चिरंजीवांना औरंगाबादेस बँकेत लागल्यापासून रोज पहाटे पळण्याची सवय जडली आहे, तरी धोंड्याच्या जेवणाला येतील तेव्हा गावाभोवती पळण्याजोगे दोन-तीन निसर्गरम्य रस्ते पाहून ठेवावेत. आबासाहेब, व्याह्याचा शब्द आम्ही वरच्यावर झेलतो. मी स्वतः बैलगाडीत बसून सगळे रस्ते पाहिले. (आमच्याकडे रस्ता आणि निसर्ग वेगळा काढता येत नाही. रस्त्याच्या मधोमधसुद्धा बाभळी आहेत.) माझी काळजी मात्र निराळीच होती. लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना. भटजींनी वाणाला द्वादशी काढून दिली आहे. त्या दिवशी लेक-जावयाला जोडीनं पाटावर बसवायचं, अनारशांचं वाण द्यायचं आणि कालिंदीला मानानं सासरी धाडायचं, की मी उजळ माथ्यानं फिरायला मोकळा. जावई वाण न घेता गेला, तर पुढचा अधिक महिना येईपर्यंत गाव मला पारावर बसू देणार नाही.

पहिला रस्ता कालव्याचा. येलदरी धरणाचं पाणी, दोन्ही बाजूंना ऊस, वर बगळे. याहून रम्य जागा आमच्या शिवारात नाही. विश्वंभरराव पांढरी अर्धी चड्डी, बनियन आणि कॅनव्हासचे बूट घालून दिवस उगवायच्या आत निघाले. आता आपणच विचार करा. महिना धोंड्याचा, जावई परगावचा, अंगात सदरा नाही, पोटात चहा नाही आणि मनुष्य गावाकडे पाठ करून जिवाच्या आकांतानं पळतो आहे. आमच्या मुलखात याचा एकच अर्थ होतो, जावई रुसला! उसाला पाणी देत असलेल्या सटवाजीनं हातातलं फावडं टाकलं आणि तो मागे धावला. "जावईबापू, थांबा! काय कमी पडलं? आमी हाव की!" विश्वंभरराव म्हणाले, काही कमी नाही, मी नुसता पळतोय. सटवाजी म्हणाला, "ते दिसायलंय की, पण कामून पळायलाव ते तर सांगा!" कुणी मागे लागलं की पळणारा जोर वाढवतोच, आणि पळणाऱ्यानं जोर वाढवला की मागचे वाढतात. शिवेपर्यंत वीसएक माणसं झाली. शेवटी त्यांना धरून, गाडीत गोधडी अंथरून तीवर बसवून, वाजतगाजत घरी आणलं. तो गलका ऐकून मी आधी टोपी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि मग काय झालं ते विचारलं. आमच्या सौभाग्यवतींनी तर काहीच विचारलं नाही, माझ्या हातातलं घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर चढवलं. (ते आता परत मागता येत नाही. वेळ विचारायला मी दिवसातून चारदा जावयाकडे जातो.) कालिंदी तेवढी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. ही वेळ हसायची होती का, हे आपणच सूनबाईंना एकदा विचारावं.

असं पुन्हा होऊ नये म्हणून मी दवंडी दिली: दिनकररावांचे जावई आपल्या खुशीनं पळतात, त्यांना कुणीही धरू नये, हो! आणि त्यांना दुसरा रस्ता दाखवला, माळावरच्या महादेवाचा. तिथून सूर्योदय फार सुरेख दिसतो म्हणतात. (मी पाहिलेला नाही. आमच्या घरून दिसतो तो पुरतो.) पण खुशीनं पळणारा मनुष्य आमच्या गावानं कधी पाहिलेला नव्हता. खुशीनं पळतो म्हणजे नवस असणार, असं दगडाबाईंनी ठरवलं, आणि दगडाबाईंनी ठरवलं की ते गावानं ठरवलं. माळावर बायका ओवाळायला उभ्या. कुणी त्यांच्या बुटांवर पाणी घातलं, कुणी लेकरू पायावर घातलं, आणि एका म्हातारीनं यंदा मिरग वेळेवर लागंल का ते विचारलं. विश्वंभरराव म्हणाले, मला काय ठाऊक. म्हातारी खूश झाली, कारण आमचा जुना महाराजही असंच म्हणायचा. परत आले तेव्हा गळ्यात रुईच्या माळा, काखेत नारळ आणि चिखलानं जड झालेले बूट. मला म्हणाले, मामा, एखादा असा रस्ता नाही का जिथे कुणीच नसतं?

तो तिसरा रस्ता. रुळाच्या कडेनं चुडाव्याच्या स्टेशनपर्यंत. पण स्टेशनाकडे एकटा पळणारा जावई म्हणजे दवंडीलाही न जुमानणारी गोष्ट. म्हणून सोबतीला घरचं वडीलधारं माणूस द्यायचं ठरलं. माझी आत्या नर्मदाबाई, सत्तरी उलटलेली, पुढे झाली. एका हातात धोंड्यांचा डबा, कासोटा घट्ट, पायात काही नाही. बेत असा की बापूंना भूक लागली तर वाटेत खाऊ घालावं. दोघं निघाली. आबासाहेब, आपल्या चिरंजीवांच्या पळण्यात काहीही उणं नाही, हे मी आधीच लिहून ठेवतो. पण रेल्वेच्या फाटकापाशी आत्या पुढे गेली. आणि नुसती गेली नाही, मागे वळून ओरडली, "चला की बापू! दम लागला का? बसा जरा, मी हाव हितं!" फाटकावर गाड्या थांबलेल्या होत्या, बरीच मंडळी होती. सगळ्यांनी मोठ्या आदरानं तोंडं फिरवून हसून घेतलं. त्या दिवशी विश्वंभररावांनी दीडच धोंडा खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

बाकी सर्व क्षेम. रस्ते आपल्या इच्छेप्रमाणे रम्यच आहेत. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत, आणि विहीणबाईंना तेलाची आठवण.

आपला,
दिनकरराव

ता. क. – हे पत्र घेऊन आमचा गडी मुंजाजी सकाळच्या गाडीनं आपल्याकडे निघणार होता. त्याची गाडी चुकली, म्हणून चार ओळी वाढवतो. विश्वंभरराव आज पहाटे पळायला गेले ते जेवणवेळ टळली तरी आलेले नाहीत. सटवाजीनं त्यांना रुळाकडे जाताना पाहिलं. कौतुकानं सांगत होता, "मालक, आज तर बॅग घेऊन पळायलेत! लय तयारी झाली बघा बापूची." दवंडी मनावर घेऊन त्यानं अडवलं नाही, उलट दोन्ही हात हलवून निरोप दिला. तरी ते सेलूस पोचले आहेत का? (पोचले असल्यास वरचे 'अत्यंत आनंदात' हे शब्द खोडून वाचावेत.)

ता. क. दुसरा – सापडले. तिकडे शोधू नये. त्यांचीही गाडी चुकली. चुडाव्याला स्टेशनासमोर बन्सीधरचं चहाचं हॉटेल आहे. त्यानं अर्ध्या चड्डीतला, बॅगवाला, मनगटावर माझं घड्याळ असलेला मनुष्य पाहिला आणि ओळखलं की हा कुणाचा तरी रुसलेला जावई. बन्सीधरला लेकरूबाळ नाही. त्याची बायको कस्तुराबाई दर अधिक महिन्यात धोंडे करते आणि गाईला घालते. यंदा तिला जावई मिळाला. मी न्यायला गेलो तर विश्वंभरराव बाजेवर मांडी घालून जेवत होते. बन्सीधरनं विचारलं, "हे तुमचे सासरे हायेत का?" जावयानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, तोंडातलं पुरण गिळलं आणि मान हलवली. नाही म्हणून! बन्सीधर म्हणाला, रुसलेला जावई तसाबी सासऱ्याच्या हाती देत न्हाईत. आता तिथे ते फलाटावर पळतात. (फलाटावर! निसर्ग म्हणाल तर एक लिंब आणि सिग्नलचा खांब.) कस्तुराबाई बाकावर बसून म्हणते, "पळ बाळा, भूक लागंल." मागे कुणीही लागत नाही.

ता. क. तिसरा – मुंजाजी अजून इथेच आहे, जावई घरी आणल्याशिवाय मी त्याला पाठवू कसा? काल कालिंदीला बैलगाडी देऊन नवऱ्याला आणायला धाडलं. गाडी रिकामी परत आली. लेकीचा निरोप आला, "बाबा, कस्तुरामावशीनं माझी ओटी भरली आन् लय रडल्या. मला न्हाई म्हणवलं न्हाई. द्वादशीचं वाण आमी हितंच घेतो. तुमी आन् आई अनारसे घेऊन जेवायला या."

आबासाहेब, लेक माझी, अनारसे माझ्या घरचे, घड्याळसुद्धा माझंच, आणि पाहुणा मी. मला फार लागलं. कस्तुराबाईचं मन मोडवत नाही आणि लेकीच्या वाणाला परका म्हणून जाववतही नाही. तेव्हा मुख्य विनंती अशी की, परवा, म्हणजे द्वादशीच्याच पहाटे, मी स्वतः रुसून घर सोडतो आहे. कालव्याच्या रस्त्यानं जाईन, हळूहळू जाईन. पण आमच्या गावात आता पळणाऱ्याला कुणी धरत नाही. तरी आपण मिळेल त्या गाडीनं यावं आणि मला धरावं.