कुठली रजिस्ट्री

अण्णा,

काल तुम्ही जेवताना मी मित्राला फोनवर "रजिस्ट्री एकदाची मार्गी लावली" म्हणालो आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. ती कॉम्प्युटरची रजिस्ट्री होती, आपल्या माणच्या रानाच्या विक्रीची नव्हे. आवाजाच्या, चित्राच्या सेटिंगच्या नोंदी कॉम्प्युटर तिथं ठेवतो. त्यातली एक बिघडली होती, म्हणून आपल्या पूनमच्या हळदीच्या व्हिडिओत आई नुसतेच ओठ हलवत होती. आता तिचं गाणं ऐकू येतं. पडद्यावरच्या तिच्या फोटोवर दोनदा दाबा.

दूध तापवलंय. मी शिफ्टला निघतो.

एवढंच लिहिणार होतो. पण अण्णा, रानाची रजिस्ट्रीही ठरलीय, सोमवारी. रान तुम्हीच माझ्या नावावर केलंत, त्यामुळं तुमची सही लागत नाही. म्हणूनच तोंडानं सांगवलं नाही.

कुलदीप